रसदीची माणसं : न्हावा-शेव्यातल्या रोजनिशीतली पानं

४ जानेवारी २०२४, गुरुवार

आमच्या कस्टम ब्रोकरच्या ऑफिसात पोचायच्या आत शिपिंग लाइनची सूचना मोबाइलवर येऊन पडली होती. युरोपची आणखी एक सेवा सुएझ कालव्यातून न जाता आफ्रिकेला वळसा घालून जाणार. १९ नोव्हेंबरला तांबड्या समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांनी ‘गॅलेक्सी लीडर’ हे जहाज ताब्यात घेतलं आणि पुढच्या महिन्याभरात बहुतेक मोठ्या कंपन्यांनी ती वाट सोडली. न्हावा-शेवा ते रॉटरडॅम एरवी वीस-पंचवीस दिवस. केप ऑफ गुड होपवरून गेलं की पस्तीस ते चाळीस. आणि नाशिककडे द्राक्षाची तोडणी सुरू होते आहे.

दिवसभर निर्यातदारांचे फोन. सगळ्यांचा प्रश्न एकच, चाळीस दिवस माल टिकेल का? मी उलट विचारतो, तोडल्यापासून पहिल्या चोवीस तासांत तुमच्याकडे काय काय होतं ते सांगा. पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

वाट बंद झाली की काय करायचं, हा विचार मी वर्षानुवर्षं केलेला आहे. फौजेत असताना लेहच्या सप्लाय डेपोत होतो तेव्हा नोव्हेंबर ते एप्रिल-मे झोजिला बंद, रोहतांगही बंद. श्रीनगरकडून काही येणार नाही, मनालीकडूनही नाही. बर्फ पडायच्या आत तांदूळ, आटा, डाळ, साखर, तेल, रॉकेल सगळं वर चढवून ठेवायचं. त्याला विंटर स्टॉकिंग म्हणायचे. कागदावर माल टनांत असे, पण आमच्या तोंडी दिवस असत. ‘साखर इतक्या दिवसांची आहे’, एवढं सांगितलं की कमांडिंग ऑफिसरला पुढचं विचारावं लागत नसे. इथे आलो तेव्हा कुणी टनांत बोले, कुणी कंटेनरांत, कुणी डॉलरांत. आज दुपारी फळ्यावर तक्ता आखला. तोडणीची तारीख, प्रीकूलिंग, बंदरात गेट-इन, बोटीची तारीख, आणि शेवटच्या रकान्यात रॉटरडॅमला दार उघडेल तेव्हा त्या फळाचं वय किती दिवसांचं असेल ते. हा शेवटचा रकाना आमच्याकडे आधी नव्हता. मालकांनी तक्त्याचा फोटो काढून सगळ्या ग्राहकांना पाठवला.

८ जानेवारी, सोमवार

नवी दोन मुलं ऑपरेशनला आली. त्यांना कंटेनरचा नंबर वाचायला शिकवलं. आधी चार अक्षरं, त्यांतलं शेवटचं बहुतेक वेळा ‘यू’, मग सहा आकडे आणि चौकटीतला सातवा. हा सातवा आकडा आधीच्या दहा खुणांवरून गणिताने निघतो. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी तो सहसा जुळत नाही आणि गडबड कळते. मुलांना हे फार आवडलं. मी एवढंच सांगितलं की फोनवर ऐकून नंबर लिहायचा नाही, जाऊन दारावरचा वाचायचा. कोतमध्ये, म्हणजे युनिटच्या शस्त्रागारात, शस्त्र घेताना आम्ही यादीवरून नंबर घेत नव्हतो, शस्त्रावरून घेत होतो.

१६ जानेवारी, मंगळवार

काल सेनादिन. १९४९ साली याच दिवशी जनरल करिअप्पांनी इंग्रज सरसेनापतीकडून सूत्रं घेतली. जुन्या सोबत्यांचे फोन आले, बरं वाटलं.

आज मात्र मन जासईत होतं. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला इथल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण गेले. दि. बा. पाटील संपादित जमिनीच्या मोबदल्यासाठीच्या त्या लढ्याचे नेते. संपादन झालेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व त्या लढ्यातून आलं. त्यानंतर पाच वर्षांनी, मे १९८९ मध्ये, बंदर सुरू झालं. आमच्याकडचा सर्व्हेचा मुलगा इथल्याच गावचा. त्याच्या आजोबांचं आयुष्य मिठागरात गेलं. आज तो अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन अभिवादनाला गेला. मीही गेलो, मागे उभा राहिलो.

मी साताऱ्याचा. आमच्या जिल्ह्याची माणसं या किनाऱ्यावर मुख्यतः डोक्यावर ओझं घेऊन आली. माथाडींना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे, आणि १९६९ चा माथाडी कायदा त्या कष्टांतून आला. कळंबोली, कामोठ्यात आजही गल्लोगल्ली आमच्याकडची बोली ऐकू येते. दुसरी वाट फौजेची. साताऱ्याजवळच्या मिलिटरी अपशिंग्यात पहिल्या महायुद्धात पडलेल्या ४६ जणांचं स्मारक आहे आणि तिथल्या घराघरांतून अजून पोरं भरती होतात. ओझं वाहणारे आम्ही, लढणारे आम्ही. ते ओझं कुठून कुठे जातं, किती किमतीचं आहे आणि त्याचे कागद कोण करतं, हे जिथून ठरतं त्या खुर्च्यांवर आमची माणसं फार थोडी दिसतात. मला या कामात येऊन जे सगळ्यात जास्त टोचलं ते हे.

२७ जानेवारी, शनिवार

एडनच्या आखातात काल ‘मार्लिन लुआंडा’ या तेलवाहू जहाजावर क्षेपणास्त्र पडलं. मदतीला आपली ‘आयएनएस विशाखापट्टणम’ गेली. जहाजावर बावीस भारतीय होते. आग विझवायला आपले नौसैनिक उतरले. ऑफिसात सगळे बातमी बघत होते. डॉक्युमेंटेशनची ताई म्हणाली, ‘‘सर, आपण शिपिंग बिल टाकतो तेव्हा असं काही डोक्यात येतच नाही.’’ यायला पाहिजे. प्रत्येक बिलाच्या दुसऱ्या टोकाला माणसं आहेत.

४ फेब्रुवारी, रविवार (गावी)

देवळासमोर एक हवालदार भेटला. सुट्टीवर आलाय. पेन्शनीला दीड वर्ष राहिलं. ‘‘पुढं काय ठरवलंय?’’ म्हटलं. ‘‘बघू, साहेब. बँकेत गनमन लागतोय का ते, नाहीतर पुण्यात कुठल्या तरी सोसायटीचं गेट. गावातले सगळे तिकडंच हायती.’’

गेटवर उभं राहण्यात कमीपणा नाही. घर चालतं, आणि महाराष्ट्रात माजी सैनिकांचं मेस्को महामंडळ ती कामं मिळवूनही देतं. पण हा माणूस काय करतो ते मला माहीत होतं. कंपनीचा क्वार्टर मास्टर हवालदार. शंभराच्या वर माणसांचं राशन, कपडालत्ता, तंबू, दारूगोळा, जनरेटर, भांडीकुंडी सगळं याच्या सहीवर. कंपनी राजस्थानातून अरुणाचलात हलली तेव्हा लोडिंगची यादी यानं केली, रेल्वेच्या डब्यात काय आधी चढवायचं आणि काय शेवटी हे यानं ठरवलं, आणि उतरवून घेताना बोर्डासमोर एकेक नग जुळवून दिला. चाकण-तळेगावच्या गोदामांत याच कामासाठी माणूस शोधत हिंडतात आणि मिळत नाही. याला मात्र त्यातलं काहीच आपल्या खात्यावर जमा आहे असं वाटत नाही.

ओट्यावर बसून त्याच्याकडून बायोडाटा लिहून घेतला. त्यानं आणलेल्या कागदावर नाव, रँक, युनिट, दोन पदकं आणि ‘सीक्यूएमएच’ एवढंच होतं. कंपनीत समोर बसलेल्या पंचविशीतल्या मुलीला त्यावरून काय कळणार? मी विचारत गेलो, तो सांगत गेला. किती नगांचा साठा, किती वर्षं, मोजणीत तफावत किती, किती गाड्यांचा कॉन्व्हॉय, कुठून कुठे. दोन पानं भरली. त्याची बायको चहा घेऊन आली. तिनं ती पानं वाचली आणि म्हणाली, ‘‘हे सगळं तुम्ही करता व्हय?’’

त्याला तीन गोष्टी सांगितल्या. शेवटच्या दोन वर्षांत पुनर्वसन महासंचालनालयाचे कोर्स मिळतात, जवानांना आणि जेसीओंना त्याची फी पडत नाही. नाव आत्ताच दे, आणि यादीत जे आधी दिसेल ते न घेता गोदाम, पुरवठा साखळी, आयात-निर्यात असं काही असेल तेच माग. दुसरं, कॉम्प्युटर. एक्सेलशिवाय या धंद्यात पाऊल टाकता येत नाही. तिसरं, अर्धवट राहिलेली पदवी. मुक्त विद्यापीठातून नोकरीत असतानाच पुरी कर. तिसऱ्या गोष्टीला त्यानं मान खाली घातली. वयाच्या चाळिशीत परीक्षेला बसायचं म्हणजे काय ते मी जाणतो. मीही सध्या बसतोच आहे.

संध्याकाळी दोन पोरं आली, अग्निवीर भरतीची तयारी करणारी. २०२२ मध्ये योजना आली. चार वर्षं नोकरी, पुढे चौघांतला एक कायम. पहिली तुकडी २०२६ च्या शेवटाकडे बाहेर पडू लागेल. म्हणजे हा प्रश्न आता चाळिशीतल्या हवालदाराचा राहिलेला नाही, तेवीस वर्षांच्या पोराचाही आहे, आणि त्याच्या पाठीशी पेन्शन नसेल. मी त्यांना भरतीपासून परतवलं नाही. एवढंच म्हणालो की स्टोअरला, एमटीला म्हणजे गाड्यांकडे, ऑफिसात कुठंही ड्युटी लागली तरी ती शिक्षा समजू नका, तिथलं काम नीट शिकून घ्या.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

रात्रभर पिंपळगाव बसवंतच्या पॅकहाऊसवर होतो. रोहतांग-झोजिलानंतर इतक्या जिवापाड लक्ष देऊन केलेलं काम मला आठवत नाही.

काल सकाळी सूर्य तापायच्या आत बागेतून घड आले. टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बायका बारीक कात्रीनं खराब मणी काढतात. हात इतका हलका, की फळावरचा पांढरा थर पुसला जात नाही. पाचशे ग्रॅमचे पनेट, दहा पनेटांची पाच किलोची पेटी, वर सल्फर डायऑक्साइड सोडणारा पॅड. मग प्रीकूलिंग. तिथे फळाच्या गरात काटा खुपसून तापमान बघितलं. शून्याजवळ येईपर्यंत पेट्या हलवू दिल्या नाहीत. सुपरवायझर घाई करत होता, गाडी उभी आहे, कंटेनर थंडच आहे, आत जाऊन होईल गार. होत नाही. रीफर कंटेनर आलेला गारवा राखतो, गरम फळ गार करणं त्याचं काम नाही. मशीन मालाला फक्त आहे तिथे धरून ठेवतं. चाळीस दिवसांच्या प्रवासात सुरुवातीचे दोन अंश फार महाग पडतात.

कंटेनर आतून बघितला. फरशीला खालून हवा खेळावी म्हणून पन्हळी असतात, त्यांत पुठ्ठ्याचे तुकडे अडकले होते, ते काढायला लावले. भिंतीवरची लाल रेषा, तिच्यावर पेटी जाऊ दिली नाही. दार उघडं असताना मशीन बंद ठेवलं, नाहीतर बाहेरची दमट हवा आत ओढली जाऊन पाणी धरतं. मायनस अर्ध्या अंशावर सेट, डेटा लॉगर आत, बॉटल सील आणि ई-सील लावलं, गाडीवरचा जेनसेट चालू करून पहाटे गाडी सोडली. कसारा घाट, भिवंडी, कळंबोली, आणि बंदरात प्लग लागेपर्यंत दर दोन तासांनी ड्रायव्हरनं तापमान कळवायचं असं ठरलं.

ड्रायव्हर जौनपूरकडचा. माझं फौजी हिंदी ऐकून खुलला, त्याचा भाऊ राजपूत रेजिमेंटला आहे. फौजेत ड्रायव्हर माझ्या हुकमाखाली होता. हा नाही. याला सांगावं लागतं, समजवावं लागतं, आणि याच्या जेवणाची-झोपेची चौकशी करावी लागते. करळ फाट्यापासून लागणाऱ्या रांगेत ही माणसं तासन्‌तास केबिनमध्ये काढतात. स्वच्छ संडास आणि गरम जेवण ही त्यांची मागणी मोठी नाही. देशाचा व्यापार मोजताना जहाजं मोजतात, टर्मिनल मोजतात, आणि ही माणसं हिशेबात धरत नाहीत, हे मला मान्य नाही.

दुपारी शिपिंग बिलाला लेट एक्सपोर्ट ऑर्डर, म्हणजे कस्टमची निर्यातीची परवानगी, मिळाली. बंदरात शिरायचा फॉर्म थर्टीन झाला. संध्याकाळी गेट-इन. झोपायला रात्रीचे दहा.

२ मार्च, शनिवार

पैसा. फौजेतून इथे येणाऱ्याला सगळ्यात अवघड जातो तो हा विषय.

लेहला माल वेळेत नाही पोचला तर पोस्टवरची माणसं उपाशी राहणार, एवढा एकच हिशेब आम्हाला ठाऊक. तो पोचवायला किती रुपये लागले हे कुणीतरी दिल्लीत बघत असेल. इथे प्रत्येक दिवसाचं बिल येतं. आज चाकणच्या एका कारखान्याचे सुटे भाग अडकले. परदेशी पुरवठादाराच्या इनव्हॉइसवर आणि पॅकिंग लिस्टवर वजन वेगवेगळं. जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत बिल ऑफ एन्ट्री टाकायचं असतं, उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज पाच हजार, पुढे रोज दहा हजार. शिवाय शिपिंग लाइन कंटेनर काही दिवस फुकट देते, ते संपले की डिटेन्शनचा आकार. कंटेनर फ्रेट स्टेशनात पडून राहिला तर जागेचं भाडं वेगळं. आणि कारखान्यात भाग नाहीत म्हणून लाइन थांबली तर त्याचा आकडा या सगळ्याहून मोठा.

परदेशातून दुरुस्त कागद मागवला, तिथं पहाट होती, माणसाला उठवावं लागलं. बारापर्यंत काम सुटलं. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे कारखान्याच्या खरेदी अधिकाऱ्याला मी सकाळी नऊलाच फोन केला की माल आज निघणार नाही कदाचित, तुम्ही दुसरी तजवीज बघून ठेवा. वाईट बातमी आधी आणि स्वतः सांगायची. फौजेत सिच्युएशन रिपोर्ट असाच द्यायचा असतो, त्याला पॉलिश लावायची नसते. या धंद्यात बरेच लोक शेवटपर्यंत ‘होऊन जाईल साहेब’ म्हणत राहतात, म्हणून खरं सांगणारा माणूस लगेच ओळखू येतो.

इनकोटर्म्सच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय सौद्यांतल्या अटींच्या, अकरा संज्ञा पाठ केल्या. एफओबीत माल जहाजावर चढला की जोखीम विकत घेणाऱ्याची. सीआयएफमध्ये भाडं आणि विमा विकणाऱ्यानं भरायचा, तरी जोखीम मात्र जहाजावर चढल्याबरोबर पलीकडे जाते. आमचे कितीतरी द्राक्ष निर्यातदार हे न समजता सही करतात. यंदा भाडं दुपटीच्या वर गेलंय, आता ज्यानं सीआयएफ दरानं आधी सौदे केले तो अडचणीत आहे.

१० मार्च, रविवार

मालकांनी दिलेलं मार्क लेव्हिन्सनचं कंटेनरवरचं पुस्तक संपवलं. माल्कम मॅक्लीन हा ट्रकवाला. २६ एप्रिल १९५६ ला त्यानं ‘आयडियल एक्स’ नावाच्या जुन्या टँकरवर ५८ खोकी चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवली. तिथून सगळं सुरू झालं, हे ऐकून होतो. पण व्हिएतनामचं प्रकरण नवीन होतं. १९६५ नंतर अमेरिकन सैन्याचा माल तिथल्या बंदरांत तुंबून पडला, जहाजं समुद्रात उभी. मॅक्लीननं पाठपुरावा करून कंत्राट मिळवलं आणि १९६७ पासून कॅम रान बेला कंटेनर जाऊ लागले. परतीची जहाजं रिकामी येत होती, ती जपानला लावून त्यानं तिथला माल अमेरिकेला न्यायला सुरुवात केली. पॅसिफिक ओलांडणाऱ्या कंटेनर व्यापाराला असा सैनिकाच्या रसदीनं हात दिला.

याच युद्धात लढलेला मरीन अधिकारी फ्रेड स्मिथ. घरी येऊन त्यानं फेडएक्स उभी केली, १९७३ च्या एप्रिलमध्ये मेम्फिसहून पहिल्या रात्री १८६ पाकिटं उडवली. आखाती युद्धात अमेरिकन फौजेची सगळी रसद ज्यानं हलवली, तो जनरल गस पॅगोनिस निवृत्तीनंतर सिअर्स या दुकानांच्या साखळीचा माल हलवायला गेला. तिकडे हा रस्ता मळलेला आहे. आपल्याकडे अधिकाऱ्यांसाठी आयआयएममध्ये कोर्स असतात, ते करून चांगल्या जागी गेलेले कर्नल-मेजर मी पाहिले आहेत. हवालदार-सुभेदारांसाठी तो रस्ता अजून पायवाट आहे. आणि गोदामात, गेटवर, घाटात प्रत्यक्ष माल हलवलेला असतो तो त्यांनीच.

१७ मार्च, रविवार

सोमाली चाच्यांनी डिसेंबरात पळवलेलं ‘रुएन’ जहाज काल सुटलं. ‘आयएनएस कोलकाता’नं चाळीस तास पाठलाग केला, हवाई दलाच्या सी-१७ मधून नौदलाचे मार्कोस कमांडो समुद्रात उतरले. सतरा खलाशी सुखरूप, पस्तीस चाचे शरण. तीनही दलांत ओळखीचे असल्यानं फोन वाजत होते. मी फार बोललो नाही, पण छाती भरून आली.

२३ मार्च, शनिवार

कांद्याची निर्यातबंदी काल रात्री पुढच्या आदेशापर्यंत वाढली. डिसेंबरात घातलेली बंदी ३१ मार्चला संपणार होती. त्या भरवशावर लासलगावकडच्या व्यापाऱ्यांनी दुबई-कोलंबोचे सौदे जुळवले, आमच्याकडे कंटेनर बुक केले. आठवडाभर आधी सगळं रद्द. शहरातला भाव आवरायचा असेल तर त्याचे मार्ग शोधा, पण शेतकऱ्याला आणि परदेशी ग्राहकाला आधी सांगा. ग्राहक एकदा पाकिस्तानकडे किंवा इजिप्तकडे वळला की परत आणायला वर्षं लागतात. मूव्हमेंट ऑर्डर बदलते, हे मला मान्य आहे. ती वेळेत पोचवणं हा हुकूम देणाऱ्याचा धर्म आहे.

२७ मार्च, बुधवार

बाल्टिमोरला ‘डाली’ या कंटेनर जहाजाची वीज गेली आणि ते पुलाच्या खांबावर आदळलं, पूल कोसळला. पुलावर खड्डे बुजवणारे सहा मजूर गेले. खलाशी बहुतेक भारतीय. जहाजावरून वेळेत धोक्याचा संदेश गेल्यामुळे पुलावरची वाहनं थांबवता आली. आमच्या त्या बंदरासाठीच्या सगळ्या बुकिंगची यादी दुपारपर्यंत करून नॉरफोक, न्यूयॉर्क असे पर्याय ग्राहकांना कळवले. नवीन मुलांनी यादी माझ्याशिवाय केली. प्रत्येक नंबर पडताळलेला होता.

९ एप्रिल, मंगळवार. गुढीपाडवा

गुढी उभारून ऑफिसला गेलो. पिंपळगावच्या कंटेनरचा अहवाल आला होता. मणी घट्ट, देठ हिरवे, लॉगरचा आलेख सरळ. देठ तपकिरी पडला की तिकडचा खरेदीदार भाव पाडतो, म्हणून देठाचं वाचून जीव भांड्यात पडला. निर्यातदाराला फोन केला, त्यानं स्पीकरवर घेऊन पॅकहाऊसमधल्या बायकांना ऐकवलं. इतर ज्या निर्यातदारांनी प्रीकूलिंगला घाई केली त्यांच्यापैकी काहींना भावात सूट द्यावी लागली आहे. वळसा सगळ्यांना सारखाच पडला होता, निकाल वेगवेगळे लागले.

संध्याकाळी जी-कार्डच्या परीक्षेचा अभ्यास. कस्टम ब्रोकरच्या माणसाला एच-कार्डवर काम सुरू करता येतं, पण परीक्षा पास होऊन जी-कार्ड मिळालं की जबाबदारीची कामं हाती येतात. पदवी आणि जी-कार्डवर दोन वर्षांचा अनुभव असेल तर पुढे परवान्याच्या परीक्षेचं दार उघडतं. आज टॅरिफचं आठवं प्रकरण वाचलं. ०८०६ खाली ताजी द्राक्षं आणि बेदाणा शेजारी-शेजारी. तासगावचा बेदाणा आणि निफाडचं द्राक्ष एकाच पानावर पाहून सौ. म्हणाली, ‘‘म्हणजे आपलीच बाजारपेठ की ही.’’

१४ एप्रिल, रविवार

काल होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळ इराणच्या कमांडोंनी ‘एमएससी एरीज’ हे जहाज ताब्यात घेतलं. ते न्हावा-शेव्यालाच येत होतं. पंचवीस खलाशी, त्यांत सतरा आपले. रविवार असूनही ऑफिस उघडलं. कुणाचा माल त्यावर आहे ते शोधलं, त्यांच्या विम्यात युद्धजोखमीचं कलम आहे की नाही ते बघायला सांगितलं. नेहमीच्या सागरी विम्यात ते धरलेलं नसतं, वेगळं घ्यावं लागतं. दोन आयातदारांनी घेतलेलं होतं, एकानं नव्हतं. त्या सतरा घरांत आज काय चाललं असेल, याचा विचार दिवसभर जात नव्हता.

२१ एप्रिल, रविवार

‘एरीज’वरची केरळची तरुण मुलगी, डेक कॅडेट, गुरुवारी घरी पोचली. बाकीचे अजून तिथेच.

गावच्या हवालदाराचा युनिटमधून फोन. पुरवठा साखळीच्या कोर्सला नाव दिलंय, कमांडिंग ऑफिसरनं शिफारस केली. पदवीचा फॉर्मही भरणार म्हणतो. त्याच्या युनिटमधल्या आणखी चौघांना माझा नंबर हवा आहे. देऊन टाक म्हटलं.

हे पान जर कुणा पेन्शनीला आलेल्या फौजी भावाच्या हाती पडलं, तर त्याला माझं सांगणं आहे. डिस्चार्ज बुक हातात पडेपर्यंत थांबू नका. दोन वर्षं आधी कोर्स मागा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आणि आर्मी वेल्फेअर प्लेसमेंट ऑर्गनायझेशनकडे नाव नोंदवा. सर्व्हिसमध्ये जो माल मोजला, हलवला, सांभाळला त्याचे आकडे आजच वहीत उतरवून ठेवा. एक्सेल शिका, इंग्रजी पत्र वाचायला-लिहायला शिका, सुरुवातीचा पगार कमी असला तरी ऑपरेशनची जागा सोडू नका. आणि न्हावा-शेव्यात कुणी ओळखीचं नसेल तर कळंबोलीत उतरून साताऱ्याच्या सुभेदाराचं घर विचारा. रविवारी मी घरी असतो.